फकिराच्या घागरी आणि शिर्डीचे पाणी

एखादे गाव वाढू लागले की त्याच्या गरजांचा क्रम कोणता असावा, हा प्रश्न आराखडा काढणाऱ्यांपुढे प्रथम उभा राहतो. रस्ता आधी की पाणी आधी, येणाऱ्याची सोय आधी की राहणाऱ्याची, नवे बांधकाम आधी की जुन्याची डागडुजी, याचे उत्तर दरवेळी नव्याने शोधावे लागते. शिर्डीला हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे छत्तीस हजार लोकवस्ती नोंदविलेल्या या नगराला सणासुदीच्या दिवसांत आपल्या लोकसंख्येहून कितीतरी अधिक पाहुण्यांचा भार वाहावा लागतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला येणारा यात्रेकरू गोदावरीचे स्नान आटोपून शिर्डीचीही वाट धरणार, हेही गृहीत धरावयास हवे. अशा वेळी ज्या एका व्यक्तीमुळे हे खेडे शहर झाले, त्या साईबाबांचे चरित्र चमत्कारांचा भाग क्षणभर बाजूला ठेवून वाचणे उद्बोधक ठरेल. बाबा काही नगररचनाकार नव्हते. त्यांनी कोणताही आराखडा काढला नाही, कोणत्याही संस्थेचे पद भूषविले नाही. तथापि साठ वर्षांच्या आसपास एका गावात राहून त्यांनी पाणी, दिवा, अन्न, स्वच्छता आणि इमारती या विषयांत जे वर्तन ठेवले, त्यातून सार्वजनिक कामाची एक दृष्टी निश्चित दिसते.

बाबांचे मूळ नाव, गाव, आईवडील आणि जन्माचा धर्म यांपैकी काहीही खात्रीने सांगता येत नाही. परंपरेनुसार सोळा वर्षांचा एक तरुण फकीर शिर्डीत कडुनिंबाच्या झाडाखाली प्रथम दिसला, काही काळाने तो निघून गेला आणि पुढे औरंगाबादकडील धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर परतला. त्याच्या पुनरागमनाचे वर्ष कोणी १८५८ मानतात, तर कोणी त्यानंतरचे. खंडोबाच्या देवळापाशी वऱ्हाडाच्या गाड्या सुटल्या, तेव्हा तेथील पुजारी म्हाळसापती सोनार यांनी या फकिराचे साई म्हणून स्वागत केले आणि तेच त्याचे नाव झाले. तेव्हाची शिर्डी कोपरगाव तालुक्यातील एक लहानसे कोरडवाहू खेडे होती. निंबाच्या झाडाखालून निघालेला हा फकीर गावातील पडक्या मशिदीत राहावयास गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. पाच घरी भिक्षा मागावी, मिळेल ते मशिदीतील कुंडीत ठेवावे, त्यातले कुत्र्यामांजरांनी व झाडलोट करणाऱ्या बाईने घेतले तरी हरकत घेऊ नये, असा त्याचा नित्यक्रम असे.

पडीक जागेवरील बाग

बाबांच्या आरंभीच्या काळातील एक हकीकत गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या साईसच्चरितात आली आहे. गावातील एक ओसाड जागा त्यांनी स्वतः साफ करून सपाट केली. जवळच्या राहात्याहून जाई, जुई, झेंडू यांची रोपे आणून तेथे लावली. वामन तात्या नावाचे एक भक्त त्यांना रोज मातीच्या दोन कच्च्या घागरी देत. बाबा विहिरीचे पाणी शेंदत, त्या घागरी खांद्यावरून वाहून नेत आणि रोपांना घालत. संध्याकाळी घागरी निंबाच्या बुडाशी ठेविल्या जात. त्या भाजलेल्या नसल्यामुळे तेथेच फुटत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन नव्या घागरी येत. हा क्रम तीन वर्षे चालला आणि त्या उजाड तुकड्यावर फुलबाग उभी राहिली. आज समाधिमंदिर उभे आहे ते याच जागेवर.

भाविक या हकीकतीत वैराग्याची खूण पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु सार्वजनिक कामाच्या दृष्टीनेही तिचा विचार व्हावा. गावाच्या मधोमध पडून असलेली जागा हातात घ्यावी, तिच्यावर भिंत न बांधता झाडे लावावीत, आणि लावलेली झाडे जगेपर्यंत रोज पाणी घालावे, एवढाच तो कार्यक्रम होता. घागरी फुटणार हे माहीत होते. म्हणूनच रोजच्या रोज नव्या घागरींची तजवीज होती. वृक्षारोपणाचा समारंभ एका दिवसाचा असतो आणि पाण्याची जबाबदारी तीन वर्षांची असते, हा फरक आपल्या नगरपालिकांना अद्याप पुरता उमगलेला नाही. अनेक योजनांत उभारणीचा खर्च धरलेला असतो आणि देखभालीचा रकाना कोरा असतो. पुढे तलाव गाळाने भरतो, पंप बंद पडतो आणि नवी योजना मागण्याची वेळ येते.

१८९७ ची जत्रा

शिर्डीत गर्दीच्या व्यवस्थापनाचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो १८९७ साली. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड हे बाबांचे भक्त होते. दीर्घ प्रतीक्षेनंतर त्यांना पुत्रलाभ झाला, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ शिर्डीत उरूस भरवावा असे त्यांच्या मनात आले. तात्या कोते पाटील, दादा कोते पाटील, माधवराव देशपांडे या गावकऱ्यांशी विचारविनिमय झाला. बाबांची अनुमती मिळाली. जत्रेसाठी जिल्ह्याच्या कलेक्टरची परवानगी लागे. गावच्या कुलकर्ण्याने विरुद्ध मत दिल्यामुळे ती प्रथम नाकारली गेली, परंतु पाठपुरावा केल्यावर मिळाली. दिवस रामनवमीचा ठरला. हिंदूंचा उत्सव आणि मुसलमानांचा उरूस एकाच दिवशी आले. निशाणांच्या मिरवणुकीबरोबर कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर यांच्या पुढाकाराने चंदनाचीही मिरवणूक सुरू झाली.

परवानगीनंतरचा प्रश्न मात्र निशाणाचा नव्हता, तो पाण्याचा होता. गावात दोन विहिरी होत्या. वापरातली विहीर लवकर आटत असे आणि दुसरीचे पाणी मचूळ होते. बाबांनी फुले टाकून ते पाणी गोड केले, असे सच्चरित सांगते. श्रद्धाळूंना तेवढे पुरे वाटेल. परंतु ग्रंथकर्ता तेथेच थांबत नाही, हे विशेष आहे. गोड झालेले पाणीही जत्रेला पुरेसे नव्हते, म्हणून तात्या पाटलांना बऱ्याच अंतरावरील विहिरीवर मोटा लावून पाणी आणवावे लागले, असे त्याने प्रामाणिकपणे नमूद केले आहे. चमत्काराने पाण्याची चव बदलली. त्याचे प्रमाण वाढविण्यासाठी बैल, नाडा आणि माणसे यांचीच योजना करावी लागली. पाण्याची तजवीज झाल्यानंतर तात्पुरती दुकाने उभारण्याचा आणि कुस्त्यांच्या फडाचा विचार झाला. आरंभी पाच-सात हजार माणसांची ही जत्रा पुढे कितीतरी पटींनी वाढली.

शिर्डीच्या सार्वजनिक सोयींचा खरा आरंभ या घटनेत आहे. येणाऱ्यांची संख्या अजमावली गेली, गावातील साधन अपुरे आहे हे मान्य केले गेले, बाहेरून पाणी आणण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर टाकली गेली आणि ती पार पाडली गेली. या सर्वांत उत्सव भरवू पाहणारा सरकारी नोकर, गावचे पाटील आणि मशिदीतील फकीर असे तिघे सहभागी होते. एकट्याच्या इच्छेने काही झाले नाही.

उपटलेले खांब

जत्रेनंतर भक्तांचे लक्ष गावातील पडझड झालेल्या वास्तूंकडे वळले. बाबांनी तात्या पाटलांच्या हस्ते शनी, गणपती, शंकर-पार्वती, मारुती आणि ग्रामदेवता यांची देवळे दुरुस्त करून घेतली. स्वतः ज्या मशिदीत ते राहत, तिची दुरुस्ती मात्र सर्वांत शेवटी झाली. तेथील जमिनीत गुडघ्याएवढे खड्डे होते. गुंड यांनी दगड जमवून घडवूनही ठेविले होते, पण ते काम पुढे नानासाहेब चांदोरकर आणि काकासाहेब दीक्षित यांच्याकडे आले. बाबा प्रथम राजी नव्हते. म्हाळसापतींच्या मध्यस्थीने अनुमती मिळाली आणि एका रात्रीत फरशी झाली. बाबा तेव्हा एक दिवसाआड रात्री चावडीत झोपावयास जात. त्या रात्रींचा उपयोग भक्तांनी कामासाठी केला.

१९११ च्या सुमारास मशिदीपुढील अरुंद अंगण वाढवून त्यावर छप्पर घालण्याचे ठरले. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांनी बराच खर्च करून लोखंडी खांब व कैच्या आणविल्या. रात्रभर खपून भक्तांनी खांब पुरले. सकाळी चावडीतून परतलेल्या बाबांनी ते उपटून फेकून दिले. एकदा तर एका हाताने खांब हलवीत दुसऱ्या हाताने त्यांनी तात्या पाटलांची मान धरली, त्यांचा फेटा ओढून काढला आणि पेटवून खड्ड्यात टाकला. मध्ये पडण्याची कोणाची हिंमत झाली नाही. काही वेळाने राग ओसरला. नवा फेटा मागवून त्यांनी तो स्वतः तात्यांच्या डोक्याला बांधला. सभामंडप अखेर पुरा झाला.

या क्रोधाचे कारण कोणी सांगू शकलेले नाही, आणि ते शोधण्याचा आव आणणेही योग्य होणार नाही. परंतु घटनेचा क्रम बोलका आहे. गावातील इतर देवळे दुरुस्त होत असताना या फकिराने हरकत घेतली नाही. स्वतःच्या बैठकीची शोभा वाढू लागताच विरोध केला. त्याच्या नावाने पुढे जे जे बांधले गेले, ते बांधणाऱ्यांनी हे उपटलेले खांब विसरू नयेत. भक्ताच्या उत्साहात आणि गावाच्या गरजेत अंतर असू शकते. आपल्या खर्चाने काम करणारा दाता कामाची निवडही आपल्याच आवडीने करू लागला, तर मंडप भव्य होतात आणि त्यांच्या मागच्या गल्ल्या तशाच राहतात.

हंडी, दिवा आणि वाटेवरील सावली

बाबांच्या दिनक्रमातील काही गोष्टी आजच्या भाषेत नागरी सेवा म्हणाव्या लागतील. वाण्यांकडून तेल मागून आणून ते मशिदीत आणि देवळांत दिवे लावीत. वाण्यांनी एकदा तेल नाकारले आणि दिवे पाण्यावर जळले, ही कथा महाराष्ट्रातील मुलांनाही ठाऊक आहे. त्या कथेआड झाकली जाणारी साधी बाब अशी की, त्या खेड्यात रात्री सर्वांसाठी दिवा लागावा याची काळजी एक भिक्षेकरी करीत होता. लेंडी नाल्याच्या बाजूस असलेल्या बागेतही त्यांनी एक दिवा अखंड तेवत ठेविला होता.

अन्नाच्या बाबतीत ते अधिक दक्ष होते. काही वर्षे ते मशिदीच्या अंगणात मोठी हंडी चढवीत. एक लहान हंडी पन्नास माणसांची आणि दुसरी शंभर माणसांची, असा हिशेब असे. बाजारातून धान्य, मसाला, भाजी ते स्वतः पारखून, रोख पैसे देऊन आणीत. मसाला स्वतः वाटीत. शिजले की नाही हे पाहून सर्वांना वाढीत, आणि त्यांत आंधळ्या-पांगळ्यांना व दुबळ्यांना विसरत नसत. पुढे भक्तांकडून नैवेद्य येऊ लागल्यावर हंडी मागे पडली. आज शिर्डीच्या प्रसादालयात सूर्याच्या उष्णतेने निघणाऱ्या वाफेवर हजारोंचे अन्न शिजते. अन्नदान हीच बाबांच्या गावात सर्वांत सलग चालत आलेली सार्वजनिक सेवा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वच्छतेचा भार राधाकृष्णमाई या विधवा स्त्रीने उचलला होता. बाबा चावडीत असतील त्या रात्री मशिदीतील सर्व सामान, धुनीसुद्धा, बाहेर काढून ती मशीद धुऊन काढी आणि भिंतींना चुना देई. उत्सवाच्या आदल्या दिवसांतील तिचे हे श्रम सच्चरितात आदराने नोंदविले आहेत. सफाई हा उत्सवाचाच भाग आहे, ही समज त्या गावाला तेव्हा होती.

भागोजी शिंदे यांचेही नाव येथे घ्यावयास हवे. ते कुष्ठरोगी होते. १९१० साली धुनीत हात घातल्याने बाबांचा हात भाजला, तेव्हा त्या हाताला तूप चोळून पट्टी बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि पुढे कित्येक वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. बाबा लेंडीकडे निघाले की त्यांच्यावर छत्री धरण्याचा मान याच भागोजींचा असे. ज्या काळी कुष्ठरोग्याला वस्तीबाहेर राहावे लागे, त्या काळी गावाच्या मुख्य वाटेवरून तो सर्वांत पुढे चालत होता. सार्वजनिक वाट कोणाची, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर देणे कठीण आहे.

पेशाने स्थापत्य जाणणारा भक्त

१९०८ नंतर शिर्डीकडे येणाऱ्यांचा ओघ वाढला आणि राहण्याची सोय हा नवा प्रश्न निर्माण झाला. निंबाच्या झाडाभोवती साठे यांचा वाडा त्याच वर्षी झाला. दीक्षित वाड्याचा पाया डिसेंबर १९१० मध्ये घातला गेला आणि १९११ च्या रामनवमीपर्यंत तो राहण्याजोगा झाला. त्यानंतर नागपूरचे धनिक बापूसाहेब बुट्टी यांनी मोठा दगडी वाडा बांधावयास घेतला. बुट्टी आणि माधवराव देशपांडे या दोघांनाही एकाच रात्री स्वप्नात तशी आज्ञा झाली, अशी त्यामागील कथा आहे. आराखडा काढण्यात आला, दीक्षितांनी तो पाहून संमती दिली, बाबांनी मान्यता दिली आणि देखरेख माधवरावांकडे आली. तळमजला, तळघर आणि विहीर त्यांच्या हातून पुरी झाली. लेंडीकडे जाता-येता बाबा बांधकामापाशी थांबत आणि काही सुधारणा सुचवीत.

उरलेले काम सखाराम हरी ऊर्फ बापूसाहेब जोग यांच्याकडे सोपविण्यात आले. वारकरी संप्रदायातील विख्यात विष्णुबुवा जोग यांचे हे चुलते. सरकारच्या बांधकाम खात्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून ते १९०९ साली निवृत्त झाले आणि पत्नीसह शिर्डीत स्थायिक झाले. पुढे ते बाबांची आरतीही करीत. भक्तिभाव सर्वांच्याच ठायी होता. परंतु वाड्याचे काम तडीस नेण्यासाठी नेमला गेला तो बांधकाम खात्यात आयुष्य घालविलेला माणूस, हे लक्षात घेण्याजोगे आहे. श्रद्धेच्या गावातही भिंत ओळंब्यानेच उभी राहते.

या वाड्याच्या मध्यभागी मुरलीधराची मूर्ती बसवावी, अशी बुट्टी यांची इच्छा होती. ती मूर्ती बसली नाही. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दुपारी, बाबांनी देह ठेविला. लक्ष्मीबाई शिंदे या सेविकेला प्रथम पाच आणि मग चार असे नऊ रुपये देणे, हा त्यांचा अखेरचा व्यवहार होता. दक्षिणा म्हणून हातात आलेले पैसे संध्याकाळपर्यंत वाटून टाकावयाचे, ही त्यांची रीत असल्यामुळे मागे संपत्ती राहिली नाही.

अंत्यविधीचा प्रश्न मात्र गावापुढे राहिला. मुसलमान भक्तांचे म्हणणे मोकळ्या जागेत दफन करून कबर बांधावी असे होते. हिंदू गावकऱ्यांचा आग्रह बुट्टी वाड्याचा होता. छत्तीस तास चर्चा चालली. कोपरगावच्या मामलेदारांनी लोकांची मते घेतली. दुप्पट मते वाड्याच्या बाजूने पडली. तरीही प्रकरण कलेक्टरकडे नेण्याचे ठरले आणि दीक्षित नगरला जाण्यास निघाले. तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचे मन वळले आणि सर्वांच्या संमतीने बुधवारी सायंकाळी समाधी झाली. बहुमत हाती असूनही संमतीची वाट पाहिली गेली, हे त्या छत्तीस तासांचे खरे महत्त्व आहे. शिर्डीतील सर्वांत मोठ्या वास्तूचे भवितव्य असे उघड्यावर, लोकांना विचारून ठरले.

कालवा, तलाव आणि शेजारी

बाबा मशिदीत राहत असतानाच या भागाच्या पाण्याचे गणित बदलत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला, १९१६ साली दारणा धरण पूर्ण झाले आणि गोदावरीचे कालवे कोपरगावच्या कोरड्या शिवारात आले. दुष्काळाच्या छायेत राहणाऱ्या या मुलखात बागाईत झाली, ऊस आला, त्यामागून साखर कारखाने आले. मोटेवर जत्रा साजरी करणारे गाव कालव्याचे गाव झाले.

शिर्डीचे पिण्याचे पाणी या उजव्या कालव्याशी बांधलेले राहिले आहे. कालव्याला पाणी आवर्तनाने सुटते. दोन आवर्तनांमधील दिवस साठवण तलावांवर काढावे लागतात. आवर्तन लांबले, तलाव लहान पडला किंवा बाष्पीभवन वाढले की उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात, आणि रामनवमी नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. १८९७ साली वापरातली विहीर ज्या ऋतूत आटत होती, त्याच ऋतूत आजही शहराची परीक्षा असते. मधल्या सव्वाशे वर्षांत शिर्डीला येण्याची साधने मात्र फार वेगाने वाढली. २००९ साली साईनगर शिर्डी हे रेल्वेस्थानक सुरू झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडी येथील विमानतळावरून विमाने उडू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी नव्या दर्शनरांग संकुलाचे उद्घाटन झाले.

त्याच दिवशी निळवंडे धरणाच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचेही लोकार्पण झाले. अकोले तालुक्यात प्रवरेवर असलेल्या या प्रकल्पाची कल्पना १९७० सालची. सात तालुक्यांतील १८२ गावांना त्याचा लाभ अपेक्षित आहे. म्हणजे तेथील शेतकऱ्याने पाण्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहिली. याच धरणातून बंद नळाने शिर्डी आणि कोपरगावला पिण्याचे पाणी नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा लाभक्षेत्रातील गावांनी विरोध केला. तो विरोध दुष्टाव्याचा नव्हता. तीन पिढ्या वाट पाहिलेल्याला रांगेत मागे सरकण्यास सांगितले, तर तो कारण विचारणारच. दुसऱ्या बाजूस, पिण्याच्या पाण्याचा हक्क प्रथम, हे शिर्डीकरांचे म्हणणेही न्याय्य आहे. गोदावरीच्या खोऱ्यात नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जायकवाडीवरून जो वाद वर्षानुवर्षे चालला आहे, त्याचेच हे छोटे रूप आहे.

अशा वादात संख्या दाखवून निर्णय लादता येतो. यात्रेकरूंची संख्या मोठी, संस्थानची पत मोठी, शासनाचे लक्षही मोठे. समाधीच्या वेळी मामलेदारांच्या हातीही संख्या होती. तरी गाव संमतीपर्यंत थांबले. नव्या पाणीयोजनेबाबत तसे थांबावयाचे असेल, तर काही गोष्टी आधी कराव्या लागतील. शहराने आपल्या गळतीचा आणि साठवणक्षमतेचा हिशेब लोकांपुढे मांडावा. हॉटेले आणि भक्तनिवास यांनी वापरलेले पाणी शुद्ध होऊन बागा, बांधकाम आणि शौचालये यांसाठी परत वापरात येते की नाही, हे दाखवून द्यावे. छतावरचे पावसाचे पाणी मुरविले जाते की गटारात जाते, हेही तपासावे. स्वतःच्या दोन विहिरी पुरत्या वापरल्यानंतरच तिसऱ्याच्या विहिरीवर मोट लावावयास जाणे शोभते. तात्या पाटील लांबच्या विहिरीकडे गेले ते गावातील पाणी पुरत नाही हे दिसल्यानंतर.

दुसरी बाब वाटेची. रामनवमीला मुंबईहून आणि इतर गावांहून पालख्या पायी येतात. विमानाने येणाऱ्यासाठी धावपट्टी झाली आणि मोटारीने येणाऱ्यासाठी द्रुतगती मार्ग झाला. पायी येणारा मात्र अद्याप वाहनांच्या कडेने जीव मुठीत धरून चालतो. बाबांकडे जे आले त्यांतले बहुतेक चालत किंवा टांग्याने आले, आणि ज्याच्या छत्रीखाली बाबा चालले तो गावाने दूर सारलेला रोगी होता. त्यांच्या नावाच्या शहरात चालणाऱ्याला सावली, पाणी आणि स्वच्छ शौचकूप यांना आराखड्यात अग्रक्रम नसेल, तर त्या आराखड्याचा क्रम चुकला असे म्हणावे लागेल.

तिसरी बाब खर्चाची. बाबांच्या पश्चात १९२२ साली जिल्हा न्यायालयाच्या योजनेने संस्थानची व्यवस्था लागली आणि २००४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. रोज रिकामा होणारा फकिराचा हात आणि कोट्यवधींचा संस्थानचा ताळेबंद यांची तुलना करून टोमणे मारणे सोपे आहे. शेकडो नोकर, रुग्णालये आणि अन्नछत्रे असलेल्या संस्थेला शिल्लक ठेवावीच लागते. परंतु दक्षिणा ज्या दिवशी आली त्याच दिवशी गरजूकडे पोचविण्याच्या रीतीचा एक अर्थ आजही पाळता येईल. दरवर्षीच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा नव्या इमारतींऐवजी शहराच्या नळ, गटार आणि रस्त्यांच्या देखभालीकडे नियमाने जावा. वर्षाच्या अखेरीस नगरपरिषदेने आणि संस्थानाने मिळून त्याचा जमाखर्च गावापुढे वाचून दाखवावा. ज्यांच्या अंगणात ही जत्रा भरते, त्यांना तेवढे विचारण्याचा अधिकार आहे.

सिंहस्थ येईल आणि जाईल. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा दरवर्षी येत राहतील. प्रत्येक वेळी नवा मंडप, नवी कमान, नवा उड्डाणपूल यांच्या मागण्या पुढे येतील आणि त्यांतल्या काही योग्यही असतील. त्या मंजूर करणाऱ्यांनी पहिल्या जत्रेच्या वेळी गावकऱ्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न कागदावर प्रथम लिहून घ्यावा. त्या दिवशी इतक्या माणसांना पाणी कोठून येणार, ते कोणाच्या विहिरीतून येणार आणि त्याला विचारले आहे काय, याचे उत्तर मिळाल्यावर उरलेला आराखडा काढावा.